कारकीर्द कॉलेजातच संपते, म्हणून

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल गेली चार-पाच वर्षं एकच रडगाणं चालू आहे. पैशाने खेळ नासला, पोरं दरवर्षी विद्यापीठ बदलतात, निष्ठा नावाची चीज उरली नाही, काल विद्यार्थी होते ते आज भाडोत्री झाले. माजी प्रशिक्षक, समालोचक, देणगीदार माजी विद्यार्थी हे सारे त्यात सूर मिळवतात. उदाहरण द्यायची वेळ आली की बोट बहुधा एका वाइड रिसीव्हरकडे जातं. वाइड रिसीव्हर म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळल्या जाणाऱ्या त्या फुटबॉलमधला, मैदानाच्या कडेला उभा राहून ठरलेल्या वाटेने सुसाट धावणारा आणि क्वार्टरबॅकने लांबून फेकलेला चेंडू झेलणारा गडी. जॉर्डन ॲडिसन हा तो. २०२१ साली पिट्सबर्ग विद्यापीठाकडून खेळताना त्याने १०० झेल घेतले, १,५९३ यार्ड काढले, १७ टचडाउन केले आणि देशातल्या सर्वोत्तम रिसीव्हरला दिला जाणारा बिलेट्निकॉफ पुरस्कार पटकावला. २०२२च्या मे महिन्यात तो पिट्सबर्ग सोडून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूएससीत गेला. त्याआधी वर्षभरात दोन नियम बदलले होते. खेळाडूला आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमाई करायची मुभा १ जुलै २०२१पासून मिळाली होती आणि एकदा विद्यापीठ बदलल्यास वर्षभर घरी बसायची सक्तीही गेली होती. तेव्हापासून ॲडिसन म्हणजे बाजारू झालेल्या पिढीचा नमुना, असं सांगितलं जातं.

या तक्रारीच्या तळाशी एक गृहीतक आहे, आणि ते उघड बोललं जात नाही म्हणूनच इतकी वर्षं टिकलं आहे. कॉलेजची तीन-चार वर्षं म्हणजे उमेदवारीचा काळ. शिका, तयार व्हा, खरी कमाई पुढे व्यावसायिक लीगमध्ये, एनएफएलमध्ये आहेच. पुढे मिळेलच, मग आत्ता मागण्याची घाई कशाला? कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेची ‘हौशी’पणाची अख्खी इमारत या एका ‘पुढे’वर उभी होती. पण त्याच संस्थेने प्रसिद्ध केलेला आकडा सांगतो की कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या शंभरांतले जेमतेम दीड एनएफएलपर्यंत पोचतात. म्हणजे जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत कॉलेजचा खेळ ही पूर्वतयारी नसते. ती अख्खी कारकीर्द असते, आणि ती विशी-बाविशीत आटोपते. खेळाच्या जोरावर आयुष्यात जे काही कमवायचं ते त्या तीन-चार वर्षांत, तुडुंब भरलेल्या स्टेडियममध्ये आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. नेमक्या त्याच वर्षांत कमवायला बंदी होती. ही बंदी उठली त्याला खेळाचा ऱ्हास म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं की न येणाऱ्या ‘पुढे’चा धनादेश वटणार कुठे.

टायरोन प्रोथ्रोचं उदाहरण घ्या. अलाबामा विद्यापीठाचा हा रिसीव्हर. १० सप्टेंबर २००५ रोजी सदर्न मिसिसिपीविरुद्धच्या सामन्यात पूर्वार्ध संपत आला असताना त्याच्याकडे लांबून चेंडू आला. मध्ये बचाव करणारा खेळाडू अंगाला भिडलेला. प्रोथ्रोने त्याला मिठी मारावी तसे दोन्ही हात त्याच्याभोवती घातले, चेंडू त्याच्याच पाठीवर दाबून धरला आणि दोघं तसेच लोळत जमिनीवर आले तरी सोडला नाही. अलाबामात त्याला आजही नुसतं ‘द कॅच’ म्हटलं की पुरतं. पुढच्या वर्षी त्या झेलाला वर्षातल्या सर्वोत्तम खेळीचा ईएसपीवाय पुरस्कार मिळाला. पॉन्टिॲक या मोटार कंपनीने वर्षातली सर्वोत्तम कलाटणी म्हणून त्याची निवड केली आणि १ लाख डॉलर दिले, ते विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती निधीला. प्रोथ्रोला पैसे घेणं नियमाने वर्ज्य होतं. त्या झेलानंतर तीन आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, फ्लोरिडाविरुद्ध संघ ३१-३ असा आघाडीवर असताना, म्हणजे सामना हातात आलेला असताना, शेवटच्या सत्रात पुन्हा एक चेंडू त्याच्याकडे फेकला गेला. झेलायला उडी घेतलेला प्रोथ्रो खाली आला तेव्हा त्याच्या डाव्या पायाची नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. अनेक शस्त्रक्रिया झाल्या. तो परत कधीही खेळला नाही.

त्या कारकिर्दीचा ताळेबंद मांडा. झेलाची चित्रफीत वर्षानुवर्षं दाखवली गेली, त्याची छायाचित्रं विकली गेली, बक्षिसाची रक्कम संस्थेच्या खात्यात जमा झाली. दुखापतीनंतर सव्वा वर्षाने, २००७च्या जानेवारीत, त्याच विद्यापीठाने निक सेबन यांना आठ वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर प्रशिक्षक म्हणून आणलं. म्हणजे अलाबामात पैसा नव्हता असं नाही आणि पैशाने खेळ विटाळतो असंही तिथे कुणाला वाटत नव्हतं. विटाळ फक्त खेळणाऱ्याच्या हाताला होत होता. आपल्याकडच्या हौशी नाट्यसंस्थेत नट फुकट काम करतो, पण तिथे दिग्दर्शकही फुकट राबतो आणि तिकिटांचे पैसे सेटच्या भाड्यात जातात. दिग्दर्शक कोट्यधीश, नाट्यगृह कोट्यधीश, प्रक्षेपण करणारी वाहिनी अब्जाधीश आणि हौस तेवढी नटाच्या वाट्याला, अशा मंडळीला कुणी हौशी म्हटलं तर आपण हसू. बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यांनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात प्रोथ्रो सहवादी होता आणि २०१४ साली त्याने न्यायालयात साक्षही दिली. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये एनसीएएचे नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतात असा निकाल दिला. आजच्या पोरांच्या ‘लोभा’ची सुरुवात शोधायचीच असेल तर ती त्या मोडलेल्या पायाशी सापडेल.

प्रोथ्रोच्या बाबतीत दैव आडवं आलं, असं म्हणून कुणी सुटू पाहील. जेरेमी ब्लूमच्या बाबतीत मात्र दैवाचा काही संबंध नव्हता. हा कोलोरॅडो विद्यापीठाचा रिसीव्हर, आणि त्याच वेळी बर्फाच्या उंचवट्यांवरून घसरण्याच्या मोगल स्कीइंगमध्ये जागतिक दर्जाचा खेळाडू. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये तो नववा आला. स्कीइंगमध्ये पगार नसतो. प्रशिक्षण, प्रवास, सामान हे सगळं प्रायोजकांच्या पैशावर चालतं. एनसीएएचा तेव्हाचा नियम असा होता की दुसऱ्या खेळात व्यावसायिक म्हणून पगार घ्या, चालेल. जाहिरातीचे पैसे घेतलेत तर फुटबॉल बंद. म्हणून बेसबॉलमध्ये सहा वर्षं पगार खाऊन आलेला क्रिस वाइन्की फ्लोरिडा स्टेटकडून फुटबॉल खेळू शकला आणि २००० साली, अठ्ठावीस वर्षांचा असताना, कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मानला जाणारा हाइझमन पुरस्कारही घेऊन गेला. ब्लूमला मात्र एक खेळ निवड असं सांगण्यात आलं. तो न्यायालयात गेला. कोलोरॅडोच्या अपील न्यायालयाने २००४मध्ये त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि कॉलेजातली दोन वर्षं शिल्लक असताना त्याचा फुटबॉल थांबला. २००६मध्ये ट्युरिनच्या ऑलिम्पिकमध्ये तो सहावा आला, त्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सने त्याची निवड केली, नंतर पिट्सबर्ग स्टीलर्सने घेतलं. पण एनएफएलच्या मुख्य हंगामातला एकही सामना तो खेळला नाही. म्हणजे त्याची फुटबॉलची कारकीर्द काय ती कॉलेजातलीच, आणि तिचा अर्धा भाग एनसीएएने कापून टाकला. कुणाचं पावित्र्य राखण्यासाठी? त्याच्या स्कीच्या जाहिरातीने कोलोरॅडोच्या कोणत्या पासची वाट चुकली असती?

ब्लूमच्या निकालाच्याच वर्षी, २००४मध्ये, यूएससीचा माइक विल्यम्स याच्यावर दोन्ही दारं बंद झाली. २००३च्या हंगामात ९५ झेल आणि १६ टचडाउन करणारा हा रिसीव्हर. शाळा संपल्यावर तीन वर्षं उलटल्याशिवाय एनएफएलमध्ये प्रवेश नाही, हा लीगचा नियम. फेब्रुवारी २००४मध्ये एका फेडरल न्यायाधीशांनी तो बेकायदा ठरवला, तेव्हा विल्यम्सने निवडीसाठी नाव दिलं आणि एजंट नेमला. काही आठवड्यांत अपिलात निकाल फिरला. एनएफएलचं दार लागलं म्हणून तो परत यूएससीकडे वळला, तर एजंट नेमल्यामुळे तो ‘हौशी’ राहिला नाही असं एनसीएएने ठरवलं. न्यायालयाच्या निकालावर विसंबल्याची शिक्षा म्हणून ऐन उमेदीत अख्खं वर्ष वाया गेलं. पटत नसेल तर कॉलेज सोडून व्यावसायिक खेळा, असा सल्ला टीकाकार उठता-बसता देतात. त्यांना हे प्रकरण ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असून सोयीचं नसावं.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात बळकट मोहरा. ए. जे. ग्रीनसारख्यांचं काय? जॉर्जिया विद्यापीठाच्या या रिसीव्हरने आपली एक वापरलेली जर्सी १,००० डॉलरला विकली, म्हणून २०१०मध्ये त्याला चार सामन्यांतून वगळलं. त्यांपैकी तीन जॉर्जिया हरला. पण पुढच्याच वर्षी सिनसिनाटी बेंगल्सने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडलं आणि त्याने तिथे मजबूत पैसा केला. म्हणजे ‘पुढे’ खरंच मिळालं की! मिळालं, पण दिलं कुणी? सिनसिनाटीने दिलेला पगार सिनसिनाटीसाठी केलेल्या खेळाचा होता. जॉर्जियाच्या मैदानावर खेळलेल्या सामन्यांची बाकी त्यातून कशी फिटते? एका मालकाकडे बिनपगारी राबलेल्या माणसाला दुसऱ्या मालकाने चांगला पगार दिला, म्हणून पहिल्याचं देणं माफ होतं असं कोणत्या हिशेबात बसतं? ग्रीन बाहेर बसला होता त्या आठवड्यांत त्याच्या ८ क्रमांकाच्या जर्सीच्या प्रतिकृती विद्यापीठाच्या दुकानात खुशाल विकल्या जात होत्या. त्याने स्वतःच्या अंगावरची एक विकली तो गुन्हा, आणि त्यांनी गठ्ठ्याने विकल्या ती विद्यापीठाची परंपरा.

शिष्यवृत्ती मिळते, ती काय कमी आहे, हा पुढचा आक्षेप. शिष्यवृत्तीचं मोल मी नाकारत नाही. शुल्क, राहणं, जेवण मिळून ती रक्कम मोठी असते आणि गरीब घरातल्या मुलाला, बहुधा कृष्णवर्णीय मुलाला, दुसऱ्या मार्गाने मिळणं अवघड असतं. पण ती कशी दिली जात होती तेही पाहायला हवं. १९७३ ते २०१२ या काळात एनसीएएच्या नियमानुसार शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असे. पुढच्या वर्षी द्यायची की नाही हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर. खेळाडूने सोडून जायचं तर वर्षभर बसा, आणि विद्यापीठाने सोडून द्यायचं तर हंगाम संपला की द्या. राहिला शिक्षणाचा प्रश्न. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जवळजवळ अठरा वर्षं नावापुरते वर्ग चालले. त्यांत ना तास होत होते ना प्राध्यापक शिकवत होते. एक निबंध द्यायचा आणि उत्तम गुण घ्यायचे. २०१४च्या चौकशी अहवालानुसार तीन हजारांवर विद्यार्थी त्यांतून गेले आणि त्यांत खेळाडूंचं प्रमाण लक्षणीय होतं. २०१७मध्ये एनसीएएने त्या विद्यापीठाला या वर्गांबद्दल दंड केला नाही, कारण अभ्यासक्रमाचा दर्जा आपल्या अखत्यारीत येत नाही असं तिचं म्हणणं पडलं. जर्सीची विक्री अखत्यारीत, शिक्षण अखत्यारीबाहेर. एवढं कळल्यावर शिक्षण हाच मोबदला हे वाक्य कुणी गंभीरपणे उच्चारत असेल तर त्याच्या धाडसाचं कौतुकच करायला हवं.

निष्ठेचा मुद्दा आला की ॲडिसन परत पुढे केला जातो, तेव्हा त्याची गोष्ट पुरी सांगू. रिसीव्हरचं काम मोठं परावलंबी असतं. कितीही चपळ असला तरी चेंडू फेकणारा नेमका हवा आणि डाव आखणारा जाणता हवा. ते गेले की याचे आकडे घसरतात आणि आकडे घसरले की निवडीतला क्रमांक. पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक केनी पिकेट २०२१च्या हंगामानंतर एनएफएलमध्ये गेला. आक्रमणाची आखणी करणारे मार्क व्हिपल नेब्रास्काला गेले. रिसीव्हरांना शिकवणारे प्रशिक्षक टेक्सासला गेले. यांतल्या कुणावर पानंच्या पानं रकाने लिहून आल्याचं दिसलं नाही. माणसं पुढे जातात, त्यात काय! सगळे गेल्यावर मागे उरलेला विशीतला पोरगा निघाला तेव्हा मात्र निष्ठेचं काय झालं, असा टाहो फुटला. आणि तो गेला कुणाकडे? लिंकन रायली यांच्याकडे. रायली २०२१च्या नोव्हेंबरात आपल्या तेव्हाच्या ओक्लाहोमा संघाचा नियमित हंगामातला शेवटचा सामना झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी यूएससीचे प्रशिक्षक म्हणून जाहीर झाले होते. यूएससीने तरी काय केलं? ॲडिसन आल्यावर महिना-दोन महिन्यांत, ३० जून २०२२ला, जवळजवळ शंभर वर्षांचं पॅसिफिक किनाऱ्यावरचं सोयरपण मोडून बिग टेन गटात जात असल्याचं जाहीर केलं. कारण टीव्हीचा पैसा. त्याच वर्षी बिग टेनने सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या वरचे प्रक्षेपण करार केले. प्रशिक्षकाला जायची मुभा, विद्यापीठाला जायची मुभा, आणि निष्ठेची नैतिक जबाबदारी झेल घेणाऱ्यावर! ॲडिसनचा २०२२चा हंगाम दुखापतींमुळे ५९ झेलांवर थांबला. तरी २०२३मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला पहिल्या फेरीत निवडलं. त्याने घेतलेला निर्णय शहाणपणाचा होता की नव्हता, यावर वाद होऊ शकतो. निर्णय घेण्याचा हक्क त्याचा होता, यावर होऊ नये.

पैसा खुला झाला की श्रीमंत विद्यापीठंच जिंकत राहतील, हाही एक आवडता इशारा आहे. पैसा बंद असताना कोण जिंकत होतं? सेबन यांच्या अलाबामाने २००९ ते २०२० या काळात सहा राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली, ती काय समतेच्या राज्यात? त्या काळात खेळाडूला पैसे देता येत नव्हते म्हणून श्रीमंत विद्यापीठं तो पैसा आलिशान व्यायामशाळांवर आणि प्रशिक्षकांच्या पगारावर ओतत होती, आणि दुबळ्या विद्यापीठाकडे खेळाडूला ओढायला काही नव्हतं. उलट इंडियाना विद्यापीठ पाहा. तोवर पराभवांच्या इतिहासासाठीच ओळखला जाणारा त्यांचा संघ २०२४मध्ये नियमित हंगामातले अकरा सामने जिंकून राष्ट्रीय बाद फेरीत पोचला. नवे प्रशिक्षक आले ते जेम्स मॅडिसन विद्यापीठातल्या आपल्या खेळाडूंना घेऊन. त्यांत इलायजा सॅरट हा रिसीव्हर होता. सेंट फ्रान्सिससारख्या छोट्या कॉलेजातून सुरुवात करून तीन वर्षांत तिसऱ्या विद्यापीठात आलेला. जुन्या नियमांत त्याने प्रत्येक उडीला एक वर्ष गमावलं असतं. टीकाकार ज्याला भटकेपणा म्हणतात त्यातूनच एका दुबळ्या संघाचं नशीब उघडलं. सगळीकडे असंच होईल असा माझा दावा नाही, पण नेमकं उलटंच होईल हा दावा तरी आता पुराव्याशिवाय करता येणार नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. फुटबॉलच्या उत्पन्नावर पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, मुलींचे खेळ चालतात. तो पैसा रिसीव्हरांच्या खिशात गेला तर हे खेळ बंद पडतील. काही विद्यापीठांनी संघ बंद केलेही आहेत, आणि ते वाईट आहे. पण यातून निघतं ते एवढंच की विद्यापीठांनी या खेळांसाठी पैसा उभा केला पाहिजे. तो एकोणीस वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यांतून आणि नडग्यांतून काढला पाहिजे, हे त्यातून निघत नाही. आणि काटकसरीची भाषा करणाऱ्यांनी टेक्सास ए अँड एमचा हिशेब समोर ठेवावा. २०२३मध्ये त्यांनी प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं आणि करारामुळे त्यांना सुमारे साडेसात कोटी डॉलर देणं लागलं. काम न करण्याचे! त्या पैशात किती जलतरणपटू पोसले गेले असते, हे गणित तेव्हा कुणी मांडलं नाही.

आज जो गोंधळ आहे तो मी नाकारत नाही. आश्वासनं देऊन ती न पाळणारे देणगीदार आहेत, पोरांना फशी पाडणारे एजंट आहेत, नामवंत रिसीव्हरला लाखो डॉलर आणि त्याच संघात राबणाऱ्या दुसऱ्याला किरकोळ रक्कम अशी विषमता आहे. पण गोंधळ पैशामुळे नाही, करारांच्या अभावामुळे आहे. आणि करार होऊ नयेत यासाठी सगळ्यात जास्त कुणी जोर लावला? २०१४मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर अशा दोन्ही जागी खेळलेल्या केन कोल्टरने खेळाडूंची संघटना बांधायचा प्रयत्न केला. त्याच्या मागण्यांत आघाडीवर होता तो दुखापतींवरच्या उपचारांचा खर्च. श्रमसंबंध मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्यांनी हे खेळाडू नोकर ठरतात असा निर्णय दिला. विद्यापीठाने तो लढवला आणि २०१५मध्ये मंडळाने हे प्रकरण हाताळायलाच नकार दिला. २०२१मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे नऊच्या नऊ न्यायाधीश एनसीएएच्या विरोधात गेले. जून २०२५मध्ये हाऊस खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी मिळाली: मागच्या नुकसानीपोटी सुमारे २.८ अब्ज डॉलर आणि यापुढे विद्यापीठाने थेट खेळाडूंना वाटायची रक्कम, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठामागे जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर. भरपाईची हद्द २०१६पासूनच्या खेळाडूंपुरती, त्यामुळे प्रोथ्रो, ब्लूम, विल्यम्स, ग्रीन यांपैकी कुणाचाही तिच्यात समावेश नाही. आणि ती वरची मर्यादा कोणत्याही खेळाडू संघटनेशी वाटाघाटी करून ठरलेली नाही. एनएफएलमध्ये पगाराची मर्यादा आहे, पण ती खेळाडूंच्या संघटनेने सही केलेल्या करारातून येते. इथे खेळाडू नोकर नाहीत म्हणून त्यांची मान्य संघटना नाही, संघटना नाही म्हणून करार नाही, आणि करार नाही म्हणून पोरं दरवर्षी निघून जातात अशी तक्रार. २०२५च्या जुलैमध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये ‘स्कोअर’ नावाचं विधेयक मांडलं गेलं. त्यात एनसीएएला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण द्यावं आणि खेळाडूंना नोकर मानू नये, अशी तरतूद आहे. एनसीएएचा त्याला पाठिंबा आहे. स्थैर्य हवं असेल तर दोन-तीन वर्षांचे, दोन्ही बाजूंना बांधणारे, दुखापतीनंतरही पाळले जाणारे करार करायला आजही कुणाची आडकाठी नसावी. पण त्यासाठी समोर बसलेल्या रिसीव्हरला आधी काम करणारा माणूस म्हणून मान्य करावं लागेल, आणि या विधेयकाचा सगळा खटाटोप ते टाळण्यासाठीच आहे.